बाकावरचे दिनकरभाऊ

आई-वडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते दिनकर मानकर यांचे. हे कोण, असा प्रश्न वाचकांना पडेल आणि तो रास्तच आहे. दिनकरभाऊ बर्फावरच्या हॉकीचे व्यावसायिक खेळाडू होते. कॅनडा-अमेरिकेतल्या दुय्यम लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवर, ते बारा वर्षं खेळले. सात संघांकडून खेळले. त्यातले दोन संघ हंगाम अर्धा असतानाच बंद पडले. उभ्या कारकिर्दीत त्यांनी नऊ गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. हा हिशेब मी दिलेला नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि आपल्या जाळ्यातला गोल सर्वांत देखणा होता हेही आवर्जून सांगायचे.

त्यांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी बहारीनमध्ये, सनाबिसजवळच्या मॉलमधल्या आमच्या रिंकवर, सकाळचं बर्फाचं तापमान वहीत लिहीत होतो. त्यांच्या मुलीचा, मीराचा, इंग्रजीत मेसेज आला. "बाबा गेले. झोपेतच. आधी तुम्हाला कळवायचं आणि इब्राहिमचाचांना नंतर, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, कारण चाचा रडतील." इब्राहिमचाचा मूळचे दापोलीकडचे. तीस वर्षांपासून इथे आहेत आणि आमच्या रिंकवर स्केटच्या पात्यांना धार लावतात. मी काउंटरवर जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, हातातला स्केट हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "मी त्याला शंभरदा सांगितलं होतं, त्या थंडीच्या मुलखात परत जाऊ नको. बाधेल तुला." सगळं आयुष्य बर्फावर काढलेल्या माणसाबद्दल चाचा हे बोलत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं... आणि मग मीराच्या बाबांनी सांगितलं होतं तसंच झालं. फक्त चाचा एकटे रडले नाहीत.

मी वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडचा. वडील चुना मारायचं काम करतात. घरं, शाळा, विहीर, विहार, जे सांगाल ते पांढरं करून देतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि दोन वर्षं घरी बसलो. मग एका एजंटने बहारीनची नोकरी आणली, बर्फाच्या प्लांटवर हेल्पर. तो म्हणाला, "फॉर्मवर बारावी पास लिही. डिग्रीवाला दिसला की कंपनी घेत नाही. हा दोन महिन्यांत पळेल म्हणते." मी बारावी पास लिहिलं. ते खोटंही नव्हतं, मी बारावी पास होतोच. पण विमानात बसल्यावर माझ्या मनाने घेतलं की हे कधी उघडकीला आलं तर व्हिसा रद्द होणार आणि मला परत पाठवणार. रिसोडच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरलेला मी मला डोळ्यांसमोर दिसायचा. त्या भीतीने मी चार वर्षं तोंड मिटून काढली. ती भीती घालवली दिनकरभाऊंनी, म्हणून हा लेख.

पहिल्या दिवशी मी रिंकच्या कडेला कुडकुडत उभा होतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत हे असं. मैदानाच्या मधोमध एक धिप्पाड माणूस मुलांना शिकवत होता. नाक दोन ठिकाणी वळलेलं, समोरचे तीन दात नाहीत, भुवईवर टाक्यांची खूण. तो माझ्याकडे सरळ वेगात आला. आता हा मला चिरडणार असं वाटत असतानाच त्याने स्केट आडवे केले, बर्फाचा भुगा माझ्या पँटवर उडाला, आणि तो माणूस म्हणाला, "काऊन बे पोट्ट्या, स्वेटर कुठी आहे तुहा?"

मला वाटलं, थंडीने माझं डोकं फिरलं. पण खुलासा साधा होता. त्यांचे आई-वडील अकोट तालुक्यातले. वडील इंजिनिअर होऊन कॅनडात एका कागद कारखान्याच्या गावी गेले आणि दिनकरभाऊ तिथेच जन्मले. त्या गावात दुसरं मराठी घर नव्हतं. भाऊंची सगळी मराठी आईकडून आली होती, आणि आई लेकराशी बोलते तेवढीच आली होती. त्यामुळे त्यांच्याकडे 'जेवून घे', 'पडशील', 'नाक पूस', 'कुठी उलथला होता' हे सगळं होतं, पण 'आपण' आणि 'तुम्ही' नव्हतं. मराठी लिहिता-वाचता तर अजिबात येत नव्हतं. खेळणं थांबल्यावर ते आमच्या रिंकवर मुलांचे प्रशिक्षक म्हणून आले होते. एकदा मनामा शहरातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला आम्ही त्यांना घेऊन गेलो. प्रमुख पाहुणे भारतातून आलेले मोठे उद्योजक होते. भाऊंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "जेवला का बे? लय वाळला दिसतो." इब्राहिमचाचा माझ्या कानात म्हणाले, "यल्ला, निघूया." पण पाहुण्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना असं विचारणारं घरात कोणी उरलं नव्हतं म्हणे. त्यांनी भाऊंना शेजारी बसवून घेतलं आणि आमची पानं दुसऱ्या पंक्तीला गेली.

त्यांच्या खेळाबद्दल मला जे कळलं ते त्यांच्याच तोंडून, बर्फ बनवताना. बर्फ बनवायचं काम म्हणजे धीराचं काम. जमिनीखालच्या नळ्यांतून मिठाचं थंडगार पाणी फिरत असतं, वरून बारीक फवारा मारायचा, तो गोठू द्यायचा, पुन्हा मारायचा. असे कितीतरी थर. मध्ये गप्पांना भरपूर वेळ. प्रत्येक संघात एक-दोन असे खेळाडू असत की त्यांचं काम गोल करणं नव्हतं. आपल्या चांगल्या खेळाडूला कोणी आडवं पाडलं, तर जाऊन त्याची कॉलर धरायची, एवढंच. भाऊ त्या जातीचे. मारामारी केली की पाच मिनिटं शिक्षेच्या पेटीत बसायचं, असा नियम. काचेची छोटी खोली असते ती. भाऊंची आई बसने प्रवास करून सामन्यांना यायची आणि नेमकी त्या पेटीमागची जागा घ्यायची, कारण पोरगा तिथेच जास्त भेटतो. एकदा भाऊ रक्ताळलेल्या नाकाने येऊन बसले, शेजारच्या पेटीत ज्याच्याशी मारामारी झाली तो बसला होता, आणि मागून आई काच ठोकू लागली. "दिन्या! अबे दिन्या! त्याचंही नाक पूस. त्याची माय नाई आली." भाऊंनी काय केलं? मधल्या फटीतून टॉवेल पुढे केला. त्या प्रतिस्पर्ध्याने टॉवेल घेतला, नाक पुसलं आणि विचारलं, "बाई काय म्हणाल्या?" पुढच्या हंगामात तो भाऊंच्याच संघात आला आणि मीराचा गॉडफादर झाला.

त्यांच्या एका संघाचं मैदान गुरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये होतं. आठवड्यातून चार दिवस हॉकी आणि तीन दिवस वळू. बर्फावर पट्ट्या टाकून वर माती घालायचे, वळू उभे करायचे आणि मग ते सगळं काढून पुन्हा खेळायचे. "वास येते म्हणून पाहुणा संघ जोरात श्वासच घेत नव्हता," भाऊ सांगायचे, "तिसऱ्या डावात पोट्टे निळे पडत. आमाले सवय होती. आमी घरच्या मैदानावर हारतच नव्हतो." उन्हाळ्यात पगार नसे, तेव्हा त्यांनी छपरं शाकारली, शाळेची बस चालवली, एक उन्हाळा तर संघाच्या चिन्हाचा पोशाख घालून, म्हणजे अस्वल होऊन, दुकानाच्या उद्घाटनांना उभे राहिले. बारा वर्षांत जी हाडं मोडली त्यांची यादी देत नाही, कारण मला सगळ्या हाडांची मराठी नावं येत नाहीत.

आणि एक गोष्ट ते सगळ्यांना सांगायचे. रिंकवरच्या प्रत्येक मुलाला ती पाठ होती. मोठ्या लीगमधून एकदाच, फक्त एकदाच, बोलावणं आलं. तिकडचे तीन खेळाडू जायबंदी झाले होते. भाऊ कपडे धुवायच्या दुकानात बसले होते, तिथे मॅनेजर शोधत आला. ओले कपडे तसेच पिशवीत भरून ते विमानात बसले. आई नऊ तास बसने आली, भाकरी आणि ठेचा घेऊन. वीस हजार माणसं, दिव्यांचा झगमगाट, अंगात नवी कोरी जर्सी. भाऊ बाकावर बसले. पहिला डाव बसले. दुसरा बसले. तिसरा बसले. सामना संपला, कोणी आत पाठवलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते परत वळूंच्या शेडमध्ये. नियम असा की बर्फावर पाय ठेवला नाही तर सामना धरत नाहीत. म्हणजे मोठ्या लीगमधले एकूण सामने शून्य. "साठ मिनिटं बसलो," भाऊ सांगायचे, "बूड गार झालं, पण घाम काही आला नाई." आणि मग आईचं वाक्य. बाहेर आल्यावर आई म्हणाली होती, "बसला तर बसला. वीस हजारात सगळ्यात पुढं बसला माहा पोट्टा." इथे सगळी मुलं हसायची आणि भाऊही हसायचे.

मी हेल्पर म्हणून लागून तीन-चार महिने झाले असतील. दरवर्षी एकदा सगळा बर्फ वितळवून नवा करतात. बर्फ मुळात पारदर्शक, खालचं काँक्रीट करडं दिसतं, म्हणून पहिल्या थरांवर पांढरा रंग मारावा लागतो. त्यावर काळी चकती, ती पक म्हणतात ती, स्पष्ट दिसते. त्या वर्षी रंगाची खेप बंदरात अडकली. चार दिवसांवर मुलांची स्पर्धा. भाऊ डोक्याला हात लावून बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, भिंतीला मारायची खडूची पांढरी पावडर मिळेल ना? त्यात चिमूटभर नीळ घालायची. नुसता पांढरा पिवळट दिसतो. नीळ घातली की डोळ्यांत भरतो. माझे वडील तसंच करतात."

"किती पावडर लागंल?"

मी मनातल्या मनात मैदानाचं क्षेत्रफळ काढलं, चार गोल कोपऱ्यांचं वजा केलं, तीन हात धरले, पाणी किती, गोठताना थर किती जाड ठेवायचा म्हणजे पोपडा सुटणार नाही, हे सगळं अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं. भाऊंनी डोक्याचा हात काढला.

"बारावीत हे शिकवतेत?"

"हो... म्हणजे, आमच्या शाळेत शिकवायचे."

"भारी शाळा आहे बे तुही," ते म्हणाले आणि उठले. बाब अल बहरीनजवळच्या बाजारातून पावडर आली, नीळ आली. गुडघ्यावर बसून मी, चाचा आणि भाऊ फवारत होतो. जो पांढरा निघाला तो मी काय सांगू! स्पर्धेला आलेले एक परदेशी पंच बर्फाला हात लावून म्हणाले, असा पांढरा मी कुठे पाहिला नाही, कोणती कंपनी? भाऊ म्हणाले, "रिसोड." पंचांनी ते वहीत लिहून घेतलं. मी रात्री वडिलांना फोन करून हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "दोन हात मारले की तीन?"

त्या दिवसानंतर भाऊंनी मला कधी काही विचारलं नाही. पण कंप्रेसर बिघडला की मला मुद्दाम शेजारी उभं करायचे. बाहेरचे इंजिनिअर यायचे, झडपा उघडून चुकीच्या ठिकाणी शोधत बसायचे आणि मी हेल्पर असल्यामुळे बोलायचो नाही. फक्त ज्या झडपेत दोष असेल त्या झडपेखालची जागा पुसत बसायचो. पुसून पुसून ती झडप एवढी चकचकीत व्हायची, की शेवटी इंजिनिअर तिकडे वळायचाच. एकदा चाचांनी विचारलंच, "तू तिथेच का रे पुसतोस नेहमी?" मी घाबरलो आणि चाचांना सगळं खरं सांगून टाकलं. चाचांनी मला स्टुलावर बसवलं. मग म्हणाले, "मिलिंद, तीस वर्षांत इथे कमी शिकून जास्त सांगणारे शंभर पाहिले. जास्त शिकून कमी सांगणारा तू पहिला. तुला पकडतील कोणत्या कलमाखाली?" त्यांचं बरोबर होतं. पण भीतीला कलम लागत नाही.

मागच्या वर्षी आमचे प्लांट इन्चार्ज निवृत्त होऊन केरळला गेले. ती जागा म्हणजे सगळ्या प्लांटची जबाबदारी, व्हिसा बदलून मिळणार, आणि आई-वडिलांना इथे आणून दाखवता येणार. अट एकच, इंजिनिअरिंगची डिग्री. आठवडे गेले, ती जागा भरली जात नव्हती. बाहेरून एक माणूस आठवड्यातून दोनदा येऊन पाहून जायचा. मी झडपा पुसत होतो.

एक दिवस सरावानंतर भाऊंनी मला संघाच्या बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, "अर्ज केला का?"

मी म्हटलं, "कशाचा भाऊ? मी तर बारावी..."

"अबे बस कर," ते म्हणाले. "गोल कोपऱ्याचं क्षेत्रफळ वजा करणारा बारावी पास मी नाई पायला. काऊन नाई सांगत?"

मी एजंटचं सांगितलं, व्हिसाचं सांगितलं, रिसोडच्या स्टँडचं सांगितलं. म्हटलं, "भाऊ, आहे ते बरं आहे. कोणी बोलावलं तर जाईन. तुमचंही तसंच झालं ना? तुम्हाला कोणी पाठवलं नाही, त्यात तुमचा काय दोष?"

बोलून गेल्यावर मला वाटलं, मी मर्यादा सोडून बोललो. भाऊ खाली स्केटकडे बघत म्हणाले, "मिल्या, ते गोष्ट मी लोकाले सांगतो न, ते अर्धीच आहे. तिसऱ्या डावात चार मिनिटं उरली होती. आमचा एक पोट्टा लंगडत आला. कोच मागून चालत आला. मले त्याचे बूट दिसले, माह्या मागं थांबले. त्यानं नाव घ्यायच्या आधी मान वर करून पायलं पाहिजे, म्हणजे त्याले समजते, हा तयार आहे. मी वर पायलंच नाई. खाली वाकलो अन् नाडी बांधत बसलो. बांधलेलीच होती. सोडली अन् पुन्हा बांधली... भेव लागलं बे. वीस हजार लोक. माय बसली होती वरती. मंग त्यानं बाजूच्या पोट्ट्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो गेला."

"आईंना माहीत होतं?"

"तिनंच तं पायलं. म्हणून ते तसं बोलली. पुढं बसला म्हणे माहा पोट्टा." मग त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली, हळू नाही, चांगली जोरात, व्यावसायिक. "मले कोणी बसवलं नाई, मी बसलो. तू काऊन बसून राहिला?"

आणि तरीही मी गेलो नाही. खरं तेच लिहितो आहे. दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेलो, युसुफ सर फोनवर होते, त्यांना त्रास नको म्हणून परत आलो. तिसऱ्या दिवशी ते फोनवर नव्हते, मग जेवत असतील म्हणून परत आलो. चाचा मोजत होते. "आज सातवी फेरी," ते म्हणायचे, "एवढ्यात माणूस मक्केला जाऊन उमरा करून येतो." दरम्यान भाऊंना धाप लागू लागली. सलमानिया हॉस्पिटलला तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी जे सांगितलं ते बरं नव्हतं. मीरा येऊन त्यांना कॅनडाला घेऊन गेली. जाताना विमानतळावर त्यांनी चाचांना मिठी मारली आणि मला फक्त एवढंच म्हणाले, "वर पायजो." त्यांची चाकांची खुर्ची ढकलणाऱ्या कर्मचाऱ्यालाही वाटलं त्यालाच सांगितलं, तो छताकडे बघत राहिला.

ते कॅनडाला गेल्यानंतर पाच दिवसांनी मी युसुफ सरांच्या केबिनमध्ये शिरलो. काय झालं ते मी भाऊंना पत्राने कळवलं. असं काही मोबाईलवर टाइप करून पाठवणं मला बरं वाटेना. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की महत्त्वाचं असेल ते कागदावर, स्वच्छ अक्षरात, समास सोडून लिहावं. तसं लिहिलं आणि कुरियरने पाठवलं. पत्र रवाना झाल्यावर चाचा म्हणाले, "अरे शहाण्या, त्याला मराठी वाचता येतं कुठे?" चार वर्षं रोज सोबत काम केलेल्या माणसाबद्दल मी हे विसरलो होतो. मीरालाही वाचता येत नाही, तिला समजतं फक्त, उत्तर ती इंग्रजीत देते. शेवटी तिने पत्राच्या पानांचे फोटो मलाच परत पाठवले आणि फोन लावला. असं मी माझंच पत्र बहारीनमध्ये बसून त्यांना वाचून दाखवलं. मध्ये मध्ये त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, एकदा खोकला आला, एकदा मोठ्याने हसले, ते कुठे हसले ते तुम्हाला कळेलच. संपल्यावर म्हणाले, "एवढ्यासाठी तीन पानं? भैताड." मग म्हणाले, "आखरीचं पुन्हा वाच. एकदम खालचं." मी वाचलं. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले. पत्र असं होतं.

तीर्थरूप दिनकरभाऊंस,
मिलिंदचा साष्टांग नमस्कार आणि जय भीम.

पत्रास कारण की, मी काल युसुफ सरांना भेटलो. ते फोनवर नव्हते आणि जेवतही नव्हते, त्यामुळे परत येण्यासाठी काही कारण सापडलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, हिंदीत, कारण इंग्रजी ऐनवेळी गेली. सर, मैं बारावी पास हूँ, लेकिन उसके बाद भी पास हूँ. असं म्हणून मी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही म्हणून डोळे उघडले. युसुफ सरांनी सर्टिफिकेटकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ते खणात काहीतरी शोधत होते. त्यांनी एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. भाऊ, तो तुमच्या हाताने इंग्रजीत लिहिलेला होता, आणि त्यावर तारीख त्या वर्षीची होती ज्या वर्षी आपण नीळ घातली. तुम्ही लिहिलं होतं, "हा हेल्पर इंजिनिअर आहे. घाबरलेला आहे. तुम्हाला माहीत आहे असं त्याला दाखवू नका. तो आपल्या पायांनी येईल तेव्हा प्लांट त्याला द्या. मधल्या काळात इन्चार्ज निवृत्त झाले आणि दुसऱ्या कोणाला दिलात तर मी तुमची कॉलर धरीन." खाली सही.

म्हणजे भाऊ, चार वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होतो, त्या सगळ्यांना माहीत होतं. युसुफ सर म्हणाले, झडपा तू पुसायचास तेव्हा आम्ही कॅमेऱ्यात पाहून हसायचो. बाहेरून जो माणूस आठवड्यातून दोनदा यायचा तो प्लांट बघायला येत नव्हता, माझ्यासाठी जागा रिकामी ठेवता यावी म्हणून त्याला बोलावत होते. मला फार राग आला. तुम्ही मला आधीच का सांगितलं नाही? मग रात्री विचार केला. तुम्ही सांगितलं असतं तर तुम्ही मला पाठवलं असतं. मी आपल्या पायांनी गेलो नसतो.

युसुफ सरांनी विचारलं, कधीपासून सुरू करतोस? मी मान वर करून सांगितलं, आजपासून. नंतर बाहेर येऊन चाचांच्या स्टुलावर बसलो. चाचांनी पेढे म्हणून सगळ्यांना खजूर वाटले.

आज सकाळी प्लांटच्या वहीत इन्चार्जच्या रकान्यात मी पहिली सही केली. बर्फ उणे पाच आहे, कंप्रेसर दोन्ही ठीक आहेत, एका झडपेतून आवाज येतो ती आज उघडणार आहे, सगळ्यांसमोर. आई-वडिलांच्या व्हिसाचे कागद सुरू केले आहेत. वडिलांनी विचारलं आहे की मैदानाला या वर्षी नवा हात मारायचा का, ब्रश स्वतःचा आणतो म्हणाले.

तुम्ही बरे व्हा. औषधं घ्या, मीराला त्रास देऊ नका, स्वेटर घाला.

मी कधी कोणत्या कागदावर असं लिहिलं नव्हतं. पहिला कागद तुमचा असावा असं वाटलं, म्हणून खाली पूर्ण लिहितो.

आपला,
मिलिंद किसन वाकोडे
बी. ई. मेकॅनिकल